वायर पुसू नका

मिरजोळ्यातल्या आमच्या कौलारू घराचा फोटो मी गेल्या जूनमध्ये 'साफ' केला. विजेची वायर, डिश, दोरीवरचे कपडे, पडवीला बांधलेली निळी ताडपत्री, सगळं बोटाने पुसलं. लाइक्स भरपूर पडले. आजीने मात्र फोन डोळ्यांजवळ धरून विचारलं, "हे कुणाचं रे घर?"

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो. २०२१ मध्ये पिक्सेल फोनवर आलेलं मॅजिक इरेझर असो की त्याची भावंडं, वायरमागे काय होतं हे त्यांना ठाऊक नसतं. आजूबाजूचं बघून ती अंदाजाने चिरा रंगवतात. म्हणजे तुमच्या फोटोतला तेवढा जांभा खोटा.

आणि पसारा कशाला म्हणता? पावसाची झड अडवायला पूर्वी पडवीला माडाच्या झावळांचे झाप लागायचे, आता ताडपत्री लागते. झाप असता तर तुम्हीच क्लोजअप घेतला असता! वायर आहे म्हणजे आत दिवा लागतो. दोरी रिकामी, दाराला कुलूप अशी घरं कोकणात हवी तेवढी आहेत. त्यांचे फोटो खुशाल काढा, इरेझर लागणारच नाही.

दोन पावलं सरका, खाली बसा, तिरप्या उन्हाची वाट बघा. त्याला माझी हरकत नाही.

आजीने मूळ फोटो मागून घेतला. त्यात दोरीवर तिचं हिरवं पातळ आहे.