जुनी ट्रॉली रंगावर घेऊ नका

मंडळी, उसाचा हंगाम जवळ आला की जुन्या ट्रॉल्या नवा रंग मारून विकायला येतात. मीही एकदा रंगाला भुललो. दोन महिन्यांत चेसी तुटली, भरलेली ट्रॉली रस्त्यातच बसली. नशीब, मागं कोणी नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ट्रॉली वरून नाही, खालून बघायची. सरळ खाली झोपा. चेसीला पट्टी मारलीय का, वेल्डिंगवर वेल्डिंग आहे का, बघा. रंगाखाली पुट्टी जाड भरली असेल तर लोहचुंबक तिथं धरत नाही. रासायनिक खत वाहिलेल्या ट्रॉलीचा पत्रा लवकर गंजतो. कोपरे हातोडीनं ठोकून बघा. टायर एकाच बाजूनं झिजलेत? एक्सल वाकलेला असू शकतो. चाक जॅकवर उचलून हलवा. ढिलं लागलं तर बेअरिंग बघून घ्या. हुकाचं भोक झिजून लांबट झालंय का तेही बघा, सगळी ओढ तिथंच असते.

पत्रा बदलता येतो, टायरही बदलता येतात. पण चेसीच गेलेली असेल तर स्वस्तातली ट्रॉलीसुद्धा महागच. आणि विकणारा खाली वाकून बघू देत नसेल, तर चहा प्या आणि घरी या.