पालकांनाही शिकावं लागेल

२४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली तारिक गार्डन ही इमारत कोसळली, १६ जण गेले. वर्षभरात, २२ जुलै २०२१ ला, सावित्रीच्या पुरात महाड बुडालं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड आली. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली सव, महाड, पोलादपूरची मुलं नंतर किशोरवयात आली. पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. मुलांच्या मनात काय साचलं, हे किती घरांत विचारलं गेलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, १० ते १९ वयोगटात दर सातपैकी एकाला मानसिक आजार असतो. आपल्याकडे मात्र मूल गप्प झालं की ‘मोबाईलने बिघडलं’ किंवा ‘नजर लागली’ म्हणून विषय संपतो. कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांत वडील आखातात असतात. सगळा भार आईवर, आणि व्हिडिओ कॉलवर वडिलांचा पहिला प्रश्न मार्कांचा.

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे आग लागली तर काय करायचं, याचा सराव होतो. त्यातून कुणी अग्निशमन दलाचा जवान होत नाही, पण बाहेर कसं पडायचं आणि कुणाला फोन करायचा हे कळतं. पालकांना एवढंच शिकवायचं आहे.

झोप, भूक, मित्र, अभ्यास यांत दोन आठवडे टिकणारा बदल ओळखायचा. उपदेश न करता ऐकायचं. शंका आली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं-कीटकनाशकं दूर करायची आणि १४४१६ वर फोन करायचा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी ‘टेली-मानस’ सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. दुआ जरूर करावी. ती डॉक्टरच्या आड येत नाही.

जमातीच्या हॉलमध्ये दोन तासांचं असं प्रशिक्षण ठेवता येईल. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकाला बोलवा. शुक्रवारी आखातात बऱ्याच जणांना सुटी असते, तेव्हा वडिलांना व्हिडिओ कॉलवर घ्या. मित्रांनो, हे जमवून आणणं आपल्या पिढीला अवघड नाही. पुढच्या पावसाळ्याआधी, दहावी-बारावीच्या निकालाआधी, आपापल्या मोहल्ल्यात एक तारीख ठरवा.