टॅक्स कोणाचा वाचतो?

सभासद बंधूंनो, उसाचे बिल जमा झाले की पॉलिसीवाले वस्तीवर हजर! "अण्णा, टॅक्स वाचतो, सही करा." अहो, शेतीच्या उत्पन्नाला आयकर माफ आहे. ज्याला दुसरी कमाईच नाही, त्याचा कसला टॅक्स वाचणार? नोकरीवाल्या पोराचा हिशेब वेगळा.

आम्हांस काळजी आहे ती म्हातारपणाची. बिलातून सोसायटीची कपात होते, म्हातारपणाची कोण करणार? चाळिशीतल्या सभासदाने पोस्टात पीपीएफ खाते काढावे. वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. मुदत १५ वर्षे, लांब खरी. पण कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमानेही ही रक्कम जप्त होत नाही. साठी ओलांडलेल्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघावी. तिथे दर तिमाहीला व्याज हाती पडते.