आद्य नटी, की कोणाची आजी?

कै. कमलाबाई गोखले यांचा नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांतून होणारा परिचय ‘विक्रम गोखल्यांची आजी’ एवढाच! आमचा त्यास सक्त विरोध आहे. १९१३ साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्रा’तील तारामतीसाठी स्त्री मिळेना, साळुंके नामक गृहस्थांस लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त कमलाबाई मोहिनी झाल्या, मातोश्री दुर्गाबाई कामत पार्वती. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले. तीन मुले त्यांनी नटून, गाऊन, पोटास चिमटा घेऊन वाढविली. बालगंधर्वांच्या शालूचे वर्णन करताना आमची जीभ थकत नाही. बाईने तोच शालू नेसून पोट भरले की मात्र तिला आजीपणाच्या पदराआड लपवावयाचे! आणि लातुरातील एखाद्या मुलीने नाटकात भूमिका मागितली, की वडिलांस तत्काळ तिची परीक्षा आठवते.