दोन मुले की तीन? बाईला विचारले कोणी?

देशात बेकारी का आहे? लोकसंख्या वाढली म्हणून. नळाला पाणी का नाही? लोकसंख्या वाढली म्हणून. सरकारी दवाखान्यात औषध का मिळत नाही? त्यालाही लोकसंख्याच जबाबदार! सत्तेवर कोणताही पक्ष असो, हे उत्तर गेली पन्नास-साठ वर्षे तयारच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसंख्येच्या विस्फोटाची चिंता व्यक्त केली आणि लहान कुटुंब ठेवणे हीसुद्धा देशभक्तीच आहे असे सांगितले. त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, सरसंघचालक मोहन भागवत यांनी नागपुरात नेमका उलटा सल्ला दिला. जन्मदर २.१ च्या खाली गेला तर समाज नाहीसा होतो, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुले हवीत! काल दोन, आज तीन. पण जिच्या पोटी ही मुले वाढायची त्या बाईला कालही कोणी विचारले नाही आणि आजही कोणी विचारत नाही. आमचा आक्षेप आहे तो येथे.

आधी वस्तुस्थिती पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात एका स्त्रीमागे सरासरी २.० मुले आहेत, महाराष्ट्रात १.७. अनुसूचित जातींचा दर २.०८ आणि जमातींचा २.०९ आहे, म्हणजे इतरांहून नावापुरताच जास्त. 'हे लोक पोरांची लेंढारे वाढवतात' असे म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसा आहे. मुस्लिमांचा दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २.३६ वर आला. आणि बौद्धांचा? १.३९, सर्व धर्मीयांत सर्वात कमी! देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात राहतात. त्यांच्यासाठी सरकारने कोणता वेगळा कायदा केला होता? कोणताही नाही. मुली शाळेत गेल्या, एवढेच घडले. त्याच पाहणीत अजिबात न शिकलेल्या स्त्रीला सरासरी २.८ आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रीला १.८ मुले आहेत. धर्माचा आणि जातीचा नव्हे, शिक्षणाचा हा हिशेब आहे.

संततिनियमनाला आमचा विरोध आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. हा विषय या देशात कायदेमंडळात नेणाऱ्यांत बाबासाहेबच अग्रभागी होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे म्हणणे पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. सभागृहाने तो ठराव फेटाळला. त्याआधी, १९३४ मध्ये, 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत जास्त मुले जन्माला घालणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी आपल्या भगिनींना बजावले. पण त्यांच्या मांडणीच्या मुळाशी स्त्रीचे आरोग्य, तिची इच्छा आणि गरिबाची सुटका होती. सरकारी कोट्याची सक्ती त्यात कोठेच नव्हती.

आता 'साधने अपुरी आहेत' या मुद्द्याकडे येऊ. १९५१ मध्ये देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती आणि अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ५ कोटी टन. आज लोकसंख्या चौपट झाली, धान्य सहापटीहून अधिक झाले, उत्पादन ३३ कोटी टनांच्या पुढे गेले. मग कुपोषण का? धान्य आहे, ते पोचत नाही म्हणून. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के होत्या. पण २०१५-१६ च्या कृषिगणनेत कसल्या जाणाऱ्या जमिनीपैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम ९ टक्के क्षेत्र आले. जमीन कमी म्हणून हे झाले काय? महाडच्या चवदार तळ्यात १९२७ साली पाणी कमी नव्हते! पाणी भरपूर होते, त्याला हात लावण्याचा हक्क नव्हता. साधनांच्या टंचाईची गोष्ट करणाऱ्यांनी हा सत्याग्रह एकदा नीट अभ्यासावा. १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधातही बाबासाहेबांनी रोगाचे मूळ जमिनीच्या तुकड्यात न शोधता भांडवलाच्या आणि उद्योगांच्या अभावात शोधले होते.

सक्तीचे फळ काय असते हे या देशाने पाहिले आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र तर आणखी पुढे गेला. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. जनतेने १९७७ मध्ये हिशेब चुकता केला. तेव्हापासून राज्यकर्ते पुरुषांच्या वाटेला जात नाहीत, सारा भार बाईवर! पाचव्या पाहणीत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे प्रमाण! नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच डॉक्टरने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. त्या कोणाच्या घरच्या होत्या? गरिबांच्या. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो या मृत्यूंनंतर.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर अन्याय आणखी स्पष्ट होतो. ७३व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा दिल्या. दुसऱ्या हाताने महाराष्ट्राने ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये दोन अपत्यांची अट घातली आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्यांना अपात्र ठरवले. किती मुले व्हावीत हा निर्णय ज्या घरात नवरा आणि सासू घेतात, त्या घरातील सरपंचबाई खुर्ची गमावते. गावातील प्रस्थापितांना तिला हटवण्यासाठी अविश्वास ठरावाची गरज उरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज पुरतो. जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही अट वैध ठरवली, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु त्याच न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात प्रजननाचा निर्णय हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. आणि आमदार-खासदारांना ही अट का नाही? कायदा समान असेल तर तो संसदेपासून सुरू व्हावा! आंध्र प्रदेशने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतील ही अट रद्द केली, पण ती स्त्रीच्या हक्कासाठी नव्हे, घटणाऱ्या लोकसंख्येच्या भीतीने.

आमच्यातीलही काही बांधव आता म्हणतात की आपली संख्या घटते आहे, राजकीय ताकद जाईल, म्हणून मुले वाढवा. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की ही भाषा आपली नव्हे. बाईला मतपेटी भरणारे यंत्र समजणे ही मनुस्मृतीची रीत, आणि ती आपण १९२७ सालीच जाळली आहे. ताकद हवी असेल तर २०२७ च्या जनगणनेत जातनिहाय नोंद होणार आहे, तेथे प्रत्येक घराची नोंद अचूक करून घ्या आणि त्या आकड्यांवर जमीन, शिक्षण, नोकऱ्यांतील वाटा मागा.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. ज्या ज्या राज्यांत दोन अपत्यांची अट उरली आहे तेथे ती रद्द करा. पुरुष-नसबंदीचा प्रचार तितक्याच जोराने करा. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात संततिनियमनाची सर्व साधने ठेवा आणि निवड बाईवर सोडा. आणि मुलीची शाळा बारावीपर्यंत सुटणार नाही याची हमी द्या. एवढे केले तर दोन की तीन हे दिल्लीने किंवा नागपूरने सांगण्याची गरज उरणार नाही. शिकलेली बाई ते स्वतः ठरवील.