पतंग पोचले, तरच पॉसम जगेल

प्राण्याचा अधिवास राखीव केला की प्राणी वाचला, असं आपण सहज धरून चालतो. माउंटन पिग्मी पॉसमची गोष्ट कळल्यापासून माझा या समजावर विश्वास उरलेला नाही.

मेलबर्नमधल्या मराठी घरांना माउंट बुलरचा बर्फ चांगला ठाऊक आहे. भारतातून आईबाबा आले की त्यांना बर्फ दाखवायला आम्ही तिथेच नेतो. त्याच बर्फाखाली, मोठमोठ्या दगडांच्या फटींत हा प्राणी शीतनिद्रेत असतो. वजन जेमतेम ४५ ग्रॅम, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि कांगारूसारखीच पिल्लं वाढवायची पिशवी. रॉबर्ट ब्रूम यांनी १८९५ मध्ये जीवाश्मांवरून त्याची नोंद केली आणि तो कधीच नामशेष झाला असं मानलं गेलं. १९६६ मध्ये माउंट हॉथमवरच्या एका स्की लॉजमध्ये तो चक्क जिवंत सापडला. आज तो व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधल्या उंच पर्वतांवरच्या मोजक्या जागी उरला आहे. वर बर्फाची दुलई असेल तरच त्याचा निभाव लागतो. शरीराचं तापमान २ अंशांपर्यंत उतरवून तो सात-सात महिने झोपतो.

वसंतात उठतो तेव्हा भूक मोठी असते, माद्यांना पिल्लंही वाढवायची असतात. नेमके तेव्हाच बोगाँग पतंग डोंगरावर येतात. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि पश्चिम व्हिक्टोरियाच्या मैदानांतून, काही तर हजार किलोमीटर उडून. उन्हाळा ते डोंगरावरच्या थंड कपारींत काढतात. चरबीने भरलेला हा पतंग म्हणजे पॉसमचं मुख्य अन्न. बिया आणि बेरी शरद ऋतूत जास्त कामी येतात. २०१७ पासूनच्या दुष्काळात पतंगांची संख्या कोसळली, तेव्हा उपाशी माद्यांच्या पिशवीतली पिल्लं दगावली. २०२१ मध्ये या पतंगाचीही नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत झाली.

पॉसमसाठी इथल्या लोकांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. रस्त्याने नर आणि माद्यांची ताटातूट झाली, तेव्हा १९८० च्या दशकात रस्त्याखालून दगडांनी भरलेला बोगदा काढला. माउंट बुलरवर जेमतेम तीसेक पॉसम उरले होते. २०११ मध्ये हॉथमचे नर तिथे सोडले, आणि काही वर्षांत संख्या दोनशेच्या वर गेली. २०१९-२० च्या वणव्यांनंतर तर त्यांच्यासाठी खास बिस्किटं बनवून डोंगरावर ठेवली.

पण बिस्किटांवर एखादा हंगाम निघेल, प्रजाती जगणार नाही. डोंगराच्या बऱ्याच भागाला राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण आहे. पतंगाची अळी मात्र खाली शेताकुरणांत वाढते आणि शेतकऱ्याच्या लेखी ती कीड आहे. तिचा वाली कोण? म्हणून माझं म्हणणं असं, की पॉसमसाठी ठेवलेल्या पैशातला आणि अभ्यासातला ठोस वाटा या मैदानांकडे वळायला हवा. तिथली माती, तिथला दुष्काळ, तिथली फवारणी यांचा हिशेब डोंगराच्या हिशेबातच धरला पाहिजे.

आणि दिव्यांचं काय? पतंग रात्री उडतात, तीव्र प्रकाशाने त्यांची वाट चुकते. एक दिवा विझवून दुष्काळ हटणार नाही, हे खरं. पण आधीच विरळ झालेल्या थव्यांतले जे निघाले आहेत, त्यांना तरी आपण अडवू नये. इथे दिवाळी वसंतात येते, पतंगांचा प्रवासही वसंतातच असतो. अंगणात पणत्या जरूर लावू. रात्रभर जळणाऱ्या विजेच्या माळा आणि फ्लडलाइट मात्र जेवणं आटोपली की बंद करू. आपल्या मंडळांनी यंदाच्या दिवाळीच्या निमंत्रणातच ही विनंती छापावी.