खिडकीतला वेगळा कप

मैत्रिणींनो, ‘चारित्र्य’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे किती आखडून टाकलाय, नाही? बाई कुणाशी बोलते, किती वाजता घरी येते, एवढ्यावर तिचं चारित्र्य ठरतं! आम्हां ख्रिस्ती मंडळींतही तेच. रविवारी देवळात वेळेवर हजर असली, गीतं पाठ असली, की झाली ती गुणाची. पण आपण आतून कशा आहोत हे कळतं ते स्वयंपाकघरात.

आता खरं सांगा हं. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तुम्ही चहा कशातून देता? पुष्कळ घरांत खिडकीत एक कान तुटलेला कप उपडा घातलेला असतो. तो त्यांचा. घरातली सगळी भांडी ज्या हातांनी लख्ख होतात, त्या हातांना आपला कप मात्र चालत नाही. विचारलं तर म्हणतात, “अहो, जातपात नाही काही, स्वच्छतेसाठी.” मग सर्दीने बेजार झालेल्या पाहुण्यांना आपण चांगल्या सेटमधला कप कसा देतो?

या बाबतीत मला आपल्या नाशिकच्याच लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. नाशिकजवळचं जलालपूर हे त्यांचं गाव, जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! अशा घरातल्या या मुलीचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या काळी केवढा तो आघात! माहेर-सासरचे लोक, लहान मुलगा, लोकांची बोलणी, सगळं एका बाईच्या अंगावर. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली.

पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ त्यांनी आपलं पाणी आणि स्वयंपाक सोवळ्यानं वेगळा ठेवला, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी आपल्या आपणच विचार केला, की जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळालं, माणसानं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे सोवळं आधी सुटलं, धर्म मागून बदलला. हे सगळं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ पासून चार भागांत निघालेलं हे पुस्तक घरात नसेल तर वाचनालयातून जरूर आणा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं लिहिलंय ते, आणि वाचताना हसूही खूप येतं.

मला यातलं मोलाचं वाटतं ते असं. मूल्य हे माहेराहून रुखवतासारखं येत नाही, नवऱ्याच्या आडनावाबरोबरही मिळत नाही. ते आपलं आपल्याला पटावं लागतं, आणि पटलं की हातून घडावं लागतं.

शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. येशू विहिरीपाशी दमून बसला होता. त्यानं त्या बाईजवळ पाणी मागितलं. म्हणजे तिच्याच भांड्यातून प्यायची तयारी दाखवली! उपदेश नंतर केला. पण ही गोष्ट दरवर्षी ऐकूनही आमच्यात सोयरीक जुळवताना ‘पूर्वीचे कोण?’ असं हळूच विचारलं जातंच. तेव्हा हिंदू-ख्रिस्ती असा भेद या कपापुरता तरी करायला नको.

मग करायचं काय? भाषण करू नका. उद्या सकाळी तो कप टाकून द्या आणि बाईंना तुमच्याच कपात चहा द्या. त्या संकोचतील, खाली बसतील. त्यांना स्टूल द्या. सासूबाईंना पटलं नाही तर वाद घालू नका. त्यांना स्वतःचा पेला वेगळा हवा असेल तर राहू द्या, टिळकांनी धीर धरलाच होता ना! पण बाईंचा वेगळा काढायचा नाही, एवढं मात्र गोड बोलून, ठामपणानं सांगा. आणि चांगल्या कपात चहा दिला म्हणून आपण मोठ्या झालो असं मानू नका. सुट्टी, पगार, बोनस यांतही तोच न्याय लावायचा आहे.

मुलांना मूल्यशिक्षणाचा तास शाळेत असतो. मी वर्गात शिकवते, म्हणून सांगते. फळ्यावर ‘समता’ लिहिली की मुलं ती वहीत उतरवून घेतात. घरी खिडकीत कप दिसला की तेही मनात उतरवून घेतात. दोन्हींतलं कुठलं टिकतं, हे आपल्याला ठाऊकच आहे.